"लग्न कधी?" आणि इतर चिठ्ठ्या : लैंगिक ओळखीबद्दल समाजशास्त्राला विचारले जाणारे प्रश्न

लैंगिकतेवर व्याख्यान असलं की सभागृहात हात वर होत नाहीत, घडी केलेल्या चिठ्ठ्या येतात. त्यांवरचे प्रश्न गावोगाव सारखेच असतात. त्यांतले नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं समाजशास्त्राच्या बाजूनं दिली आहेत आणि उदाहरणं शक्यतो महाराष्ट्रातली. कायदा किंवा वैद्यक यांबद्दल विचारायचं असेल त्यांना शेवटाकडे थोडंफार सापडेल.

कोण कोणावर प्रेम करतं ही खासगी बाब. त्यात समाजशास्त्रानं नाक का खुपसायचं?

खासगी असती तर पाचशे पत्रिका छापल्या नसत्या. आपल्याकडे दोन माणसांनी एकत्र यायचं म्हटलं की कुळ, देवक, पोटजात, भावकी, मामाचा मान, मंगल कार्यालयाची तारीख आणि रेशनकार्डावरचं नाव असं सगळं एकदम हलतं. ज्यांचं प्रेम या व्यवस्थेत बसतं त्यांना ती जाणवतही नाही. ज्यांचं बसत नाही त्यांना ती रोज जाणवते.

ओढ एकट्याची असेल. पण तिला नाव द्यायचं की नाही, ती बोलून दाखवायची की गिळायची, तिच्यापायी मार खायचा की आहेर घ्यायचा, हे चारचौघं ठरवतात. जॉन गॅग्नन आणि विल्यम सायमन या अमेरिकी अभ्यासकांनी १९७३ मध्ये मांडलं की लैंगिक वर्तनामागे नुसता उपजत आवेग नसतो. कुठे, कोणासोबत, काय वाटून घ्यायचं याची एक संहिता माणूस समाजात वावरताना शिकत असतो. वरवर साधी वाटणारी ही गोष्ट त्या काळी धाडसाची होती, कारण तोवर हा विषय बहुतांशी डॉक्टर आणि मनोविश्लेषक यांच्या ताब्यात होता.

आपल्याकडेही हा विषय अगदी परका नव्हता. मुंबई विद्यापीठाच्या गो. स. घुर्ये यांनी १९३८ मध्ये मुंबईतल्या मध्यमवर्गीयांच्या लैंगिक सवयींवर निबंध लिहिला होता. पण पुढच्या पिढ्यांनी जात, खेडं आणि नातेसंबंध यांवर ढिगानं लिहिलं आणि लग्नाच्या चौकटीत न बसणाऱ्या इच्छेला फारसं कोणी शिवलं नाही.

आकर्षण, वर्तन आणि ओळख या एकाच गोष्टी ना?

नाहीत, आणि बहुतेक वाद या तिघांची गल्लत झाल्यानं होतात. एखाद्या पुरुषाला पुरुष आवडत असतील, पण त्यानं आयुष्यात कधी कोणाला स्पर्श केला नसेल. दुसऱ्याचे पुरुषांशी संबंध असतील, पण तो स्वतःला चारचौघांसारखाच समजत असेल. तिसरा स्वतःला गे म्हणवून घेत असेल आणि सध्या कोणाबरोबरच नसेल.

लॉड हम्फ्रीज या समाजशास्त्रज्ञानं अमेरिकेतल्या सार्वजनिक स्वच्छतागृहांत पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांचा अभ्यास केला. तो १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले ५४ टक्के पुरुष विवाहित होते, बायकोसोबत राहणारे, शेजाऱ्यांच्या लेखी सज्जन गृहस्थ. हम्फ्रीजनी त्यासाठी गाड्यांचे नंबर टिपले, त्यांवरून पत्ते काढले आणि काही काळानं वेश बदलून, दुसऱ्याच सर्वेक्षणाच्या नावाखाली त्यांच्या घरी जाऊन मुलाखती घेतल्या. संशोधनात काय करू नये याचं उदाहरण म्हणून हा अभ्यास अजून शिकवतात. निष्कर्ष मात्र टिकला आहे.

भारतात एड्स नियंत्रणाच्या कार्यक्रमानं हाच धडा घेऊन 'पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष' असा गट कागदावर आणला. कंडोम वाटायला आणि तपासण्या मोजायला तो सोयीचा होता. पण स्वतःची ओळख करून देताना असं कोणी म्हणत नाही. मुंबई-पुण्याच्या अड्ड्यांवर कोती (बायकी ढबीचा), पंथी (त्याचा पुरुषी जोडीदार), डबलडेकर (दोन्ही) अशी वाटणी कितीतरी आधीपासून चालत आली आहे. कोती म्हणवणाऱ्या कित्येकांना 'गे' हा शब्द इंग्रजी बोलणाऱ्या, स्वतःची खोली असणाऱ्या पोरांचा वाटतो, आणि तसा तो बराचसा आहेही.

ही ओळख जुनी आहे की नवी?

संबंध जुने, ओळख नवी, असं समाजशास्त्राचं थोडक्यात उत्तर आहे. १८६९ मध्ये कार्ल-मारिया केर्टबेनी यांनी प्रशियाच्या दंडविधानाविरुद्ध लिहिलेल्या जर्मन पत्रकात 'समलिंगी' अशा अर्थाचा शब्द पहिल्यांदा छापला गेला. मिशेल फुको यांनी १९७६ मध्ये असा युक्तिवाद केला की त्याआधी युरोपात अमुक कृत्य हे पाप किंवा गुन्हा होतं. ते कोणीही करू शकत होतं, त्याची शिक्षा भोगून मोकळं होऊ शकत होतं. एकोणिसाव्या शतकात डॉक्टर, न्यायालयं आणि पोलीस यांनी मिळून त्या कृत्यावरून माणसाचा एक वेगळा प्रकारच ठरवला. त्याचं बालपण, त्याची चाल, त्याचा स्वभाव, सगळं त्या एका गोष्टीवरून वाचलं जाऊ लागलं.

फुकोंच्या आठ वर्षं आधी, १९६८ मध्ये, मेरी मॅकिंटॉश या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ बाईंनी जवळपास हेच अधिक सोप्या भाषेत लिहिलं होतं : समलिंगी असणं ही आजाराची अवस्था मानू नका, ती काही समाजांनी तयार केलेली एक भूमिका आहे, आणि ही भूमिका उरलेल्यांना 'आपण तसे नाही' असं सांगायला उपयोगी पडते. श्रेय बहुतेक वेळा फुकोंना मिळतं. मला ते खटकतं.

यावरून कोणी असा अर्थ काढू नये की १८६९ पूर्वी पुरुषावर पुरुषाचं किंवा बाईवर बाईचं प्रेमच नव्हतं. आयुष्यभर टिकणारी, समूहानं मान्य किंवा अमान्य केलेली, कागदावर नोंदता येणारी 'ओळख' म्हणून त्याला आकार अलीकडे आला, इतकंच म्हणणं आहे.

म्हणजे हे पाश्चात्त्यांचंच खूळ, नाही का?

खूळ म्हणायचंच असेल तर तिकडून आधी आला तो कायदा. मेकॉलेच्या मसुद्यातून निघालेला भारतीय दंडविधान १८६० चा, लागू झाला १ जानेवारी १८६२ पासून. त्यातल्या ३७७ व्या कलमानं 'निसर्गाच्या क्रमाविरुद्ध' संबंधांना जन्मठेपेपर्यंतची शिक्षा ठेवली. पाठोपाठ १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात हिजड्यांच्या नोंदवह्या ठेवायची आणि बायकांच्या वेशात सार्वजनिक ठिकाणी दिसल्यास पकडायची तरतूद आली. कामसूत्रात 'तृतीया प्रकृती'ची चर्चा आहे हे सगळेच सांगतात, पण प्राचीन भारतात सारं आलबेल होतं असंही समजू नये. धर्मशास्त्रांत प्रायश्चित्तंही आहेत. ब्रिटिशांनी जे आणलं ते म्हणजे पोलीस ठाणं.

आता मराठीचं बघा. र. धों. कर्वे यांचं 'समाजस्वास्थ्य' मासिक १९२७ ते १९५३ चाललं. वाचक पत्रं पाठवून लैंगिक शंका विचारत आणि कर्वे त्यांची उत्तरं छापत. म्हणजे वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांचं पानच ते. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांवरच्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. कर्व्यांच्या बाजूनं उभे राहिले बॅरिस्टर भीमराव आंबेडकर. वाचक लैंगिक विषयावर प्रश्न विचारतात तेव्हा त्यांना उत्तर मिळायला हवं, आणि विकृती म्हणून जे हिणवलं जातं ते ज्ञानानंच दूर होईल, अशा आशयाचा त्यांचा युक्तिवाद होता. खटला हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. नव्वद वर्षांपूर्वी मराठी माणसं पोस्टकार्डावर हे प्रश्न विचारत होती. तेव्हा ना इंटरनेट होतं ना परदेशी मालिका.

बालगंधर्व, तमाशातला नाच्या, यल्लम्माचे जोगते हे सगळे यातच येतात का?

सरसकट नाही. बालगंधर्वांनी स्त्रीभूमिका केल्या आणि त्यांची साडी-दागिन्यांची ढब घरंदाज बायकांनी उचलली. तो रंगभूमीचा भाग, त्यावरून त्यांच्या खासगी ओढीबद्दल काहीच सिद्ध होत नाही. नाच्याचं काम करणाऱ्यांना मात्र समाजानं स्टेजवर टाळ्या दिल्या आणि खाली उतरल्यावर टिंगल केली, मग ते घरी बायकापोरांत राहणारे का असेनात.

जोगते वेगळे. सौंदत्तीच्या यल्लम्माला वाहिलेले, डोक्यावर जग (देवीचा मुखवटा बसवलेली टोपली) आणि हातात परडी घेऊन जोगवा मागणारे, लुगडं नेसणारे पुरुष कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडे आजही भेटतात. इथे ओळख देवीनं 'धरल्या'मुळे मिळते, मनातल्या ओढीवरून नव्हे. केसांत जट आली की ठरलं. त्यात कोणी स्वतःला बाई समजतं, कोणाला पुरुष आवडतात, कोणी नवसापायी अडकलेलं असतं. या तिघांना आजच्या 'एलजीबीटी' या इंग्रजी अक्षरांच्या डब्यांत कोंबायचा खटाटोप मी तरी करणार नाही.

हे जन्मजात असतं की संगतीनं होतं?

२०१९ मध्ये जवळपास पावणेपाच लाख लोकांच्या जनुकांचा अभ्यास झाला. अमुक एक 'समलिंगी जनुक' सापडलं नाही. अनेक जनुकांचा थोडा थोडा प्रभाव दिसला, आणि त्यावरून एका माणसाबद्दल भाकीत करता येत नाही. संगतीनं होतं म्हणावं तर सगळी संगत, सिनेमे, लग्नं आणि हळदी-कुंकवं विरुद्ध बाजूला असूनही ही माणसं होतातच. समाजशास्त्राला याहून मोठा प्रश्न हा वाटतो की 'विरुद्धलिंगी आकर्षण कशामुळे होतं?' असं कधीच कोणी विचारत का नाही.

मग घरचे इतके हादरतात का? नेमकं काय मोडतं?

या पानावरचं सर्वांत महत्त्वाचं उत्तर हे आहे, म्हणून थोडं सावकाश.

९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या आंबेडकरांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावण्यानं, हे त्याचं सूत्र. ते टिकवायचं तर जातीत लग्नायोग्य स्त्री-पुरुषांची संख्या जुळती राहिली पाहिजे. नवरा मेला की बाई 'जादा' होते, म्हणून सती किंवा सक्तीचं वैधव्य. विधुर पुरुष 'जादा' होतो, म्हणून त्याच्यासाठी कोवळ्या वयाची मुलगी. आंबेडकरांनी त्यात समलिंगी संबंधांचा विषय काढलेला नाही. पण त्यांचा तर्क पुढे नेला तर दिसतं की लग्नाला ठाम नकार देणारा मुलगा किंवा मुलगीही या हिशेबातली शिल्लक आहे. सोबत कोण हवं हे त्या मुलानं किंवा मुलीनं स्वतः ठरवलं तर पोटजात, हुंडा, वाटणी, वंश यांतलं काहीच मांडता येत नाही.

एड्रिएन रिच या अमेरिकी लेखिकेनं १९८० मध्ये 'सक्तीची विषमलिंगी व्यवस्था' ही कल्पना मांडली. आपल्याकडे ती सक्ती लग्नाच्या रूपात येते. म्हणून मराठी घरांत होणारा तह ठरलेला असतो : "तुझं काय असेल ते असू दे, पण लग्न तेवढं कर." आईबाप मुलाची ओढ पचवू शकतात, कित्येकदा त्यांना ती आधीच ठाऊक असते. अविवाहित पोरगा मात्र पचत नाही, कारण त्याबद्दल नातेवाइकांना उत्तर द्यावं लागतं. या तहाची किंमत मोजते ती त्या घरात आलेली सून. तिला कोणी विचारलेलंच नसतं. समलिंगी पुरुषांच्या हालांबद्दल लिहिताना या बाईला दोन ओळीही मिळत नाहीत हा आपल्या लिखाणातला जुना दोष आहे.

याच हिशेबानं दुसरं एक कोडं सुटतं. ज्या समाजात मुलगा समलिंगी निघाला तर डॉक्टर-भगत केले जातात, त्याच समाजात बारशाला आणि लग्नाला तृतीयपंथीयांचा आशीर्वाद चालतो. कारण ते घर सोडून गुरूच्या घराण्यात गेलेले असतात. त्यांच्याशी सोयरीक करायची नसते आणि सातबाऱ्यावर त्यांचं नाव चढायचं नसतं. आशीर्वाद देऊन झाला की त्यांनी निघून जायचं असतं. त्यांतल्या कोणी वडिलोपार्जित जमिनीत हिस्सा मागितला की आशीर्वादाची भाषा लगेच बदलते.

शहरात गेल्यावरच पोरं 'अशी' होतात, असं का दिसतं?

दिसतं हे खरं, होतात हे नाही. जॉन डी'एमिलिओ या इतिहासकारानं १९८३ मध्ये याचं चांगलं स्पष्टीकरण दिलं. शेत आणि घर एकच असतं तेव्हा कुटुंबाबाहेर जगणं म्हणजे उपाशी मरणं. मजुरी रोखीनं आणि ज्याच्या त्याच्या हातात मिळू लागली तेव्हा कुटुंबाशिवाय जगता येईल अशी शक्यता पहिल्यांदा निर्माण झाली, आणि त्या शक्यतेतून समलिंगी ओढीची 'ओळख' बनू शकली. पगार, भाड्याची खोली, अनोळखी गर्दी या तीन गोष्टी मुंबईनं पुरवल्या. अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये 'बॉम्बे दोस्त' हे समलिंगी लोकांसाठीचं नियतकालिक काढलं, १९९४ मध्ये त्यांच्यासाठीच काम करणारा हमसफर ट्रस्ट उभा राहिला. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ही तशीच संस्था सुरू केली आणि मराठीतून सातत्यानं लिहिलं. अभिमान पदयात्रा (प्राइड) मुंबईत २००८ ला निघाली आणि पुण्यात २०११ ला.

पगाराचा मुद्दा दुसऱ्या बाजूनंही तपासता येतो. १९८७-८८ च्या सुमारास भोपाळमधल्या दोन महिला पोलिसांनी आपसात लग्न केलं. त्या कुठल्या चळवळीत नव्हत्या, महानगरातल्याही नव्हत्या. त्यांच्याकडे होता तो स्वतःचा पगार. बातमी फुटल्यावर खात्यानं त्यांच्याकडून नेमकी तीच गोष्ट काढून घेतली.

२०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि अनोळखी गर्दी खिशात आली. आता लातूर, जालना, चाळीसगाव इथल्या मुलालाही दोन-चार किलोमीटरच्या टप्प्यात कोणीतरी असल्याचं दिसतं. खोली मात्र अजून नाही. त्यामुळे भेटी लॉजवर, शेताच्या बांधावर आणि घाईत होतात, आणि तिथेच लुबाडणारे टपलेले असतात. तक्रार करायची तर आधी स्वतःबद्दल सांगावं लागतं, हे त्यांना पक्कं माहीत असतं.

३७७ तर गेलं. आता अडचण कसली?

ते कसं गेलं हे बघण्यासारखं आहे. दिल्ली उच्च न्यायालयानं २ जुलै २००९ ला प्रौढांमधले संमतीचे संबंध कलमातून वगळले. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. तेव्हा दिलेलं एक कारण असं होतं की हा वर्ग अत्यल्प आहे आणि दीडशे वर्षांत दोनशेहून कमी जणांवर खटले चालल्याचं निकालपत्रांतून दिसतं. मग ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं एकमतानं ते कलम संमतीच्या संबंधांपुरतं रद्द केलं. न्या. इंदू मल्होत्रा यांनी निकालात लिहिलं की इतिहासानं या समुदायाची माफी मागायला हवी.

दोनशेहून कमी खटल्यांचा मुद्दा मला आजही विलक्षण वाटतो. न्यायालयानं त्यातून कायदा निरुपद्रवी असल्याचा अर्थ काढला. पण असा कायदा खटल्यांतून चालतच नाही, तो धाकानं चालतो. बागेत पकडलेल्या दोघांचं पाकीट रिकामं करायला हवालदाराला न्यायालयाची पायरी चढावी लागत नव्हती. घरमालक, मुकादम, मेहुणा, ज्याला कळलं त्याच्या हातात ते कलम होतं. म्हणून ते गेल्यावर पहिला फरक पडला तो खंडणीच्या भावात. घर भाड्यानं मिळणं, शाळेतली हेटाळणी, नोकरीतली कुजबुज यांना २०१८ च्या निकालानं हात लागत नाही.

आणखी एक गोष्ट फारशी चर्चेत येत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि तिच्यात ३७७ ला पर्यायच ठेवलेला नाही. त्यामुळे पुरुषावर किंवा तृतीयपंथी व्यक्तीवर बलात्कार झाला तर त्यासाठी तिच्यात थेट कलम उरलेलं नाही.

समलिंगी आणि तृतीयपंथी यांत फरक काय?

समलिंगी म्हटलं की प्रश्न असतो मला कोण आवडतं याचा. तृतीयपंथी, पारलिंगी म्हटलं की प्रश्न असतो मी कोण याचा. सर्वोच्च न्यायालयाच्या १५ एप्रिल २०१४ च्या निकालानं ('नालसा' म्हणून ओळखला जाणारा) स्वतःचं लिंग स्वतः सांगण्याचा हक्क मान्य केला. त्याचा प्रत्यक्ष उपयोग जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकला दिसला. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत स्त्री-राखीव प्रभागातून एका तृतीयपंथी उमेदवाराचा अर्ज फेटाळला गेला, जानेवारी २०२१ मध्ये औरंगाबाद खंडपीठानं तो स्वीकारायला लावला आणि त्या निवडून आल्या. त्याआधी २०१७ मध्ये माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळनं तृतीयपंथी सरपंच निवडून दिला होता. खेडी मागासलेली आणि शहरं पुढारलेली, या समजुतीत ही दोन गावं बसत नाहीत.

बायकांबद्दल इतकं कमी का ऐकू येतं?

कारण रात्री उशिरा बागेत बसायला, फलाटावर रेंगाळायला, खोली भाड्यानं घ्यायला पुरुष असावं लागतं. दोन मैत्रिणींनी गळ्यात गळा घालून फिरलेलं कोणाला खटकत नाही, त्यामुळे वरवर मोकळीक वाटते. ती लग्नाचं वय होईपर्यंतच. पुढे मुलगी पळाली की वडील अपहरणाची तक्रार देतात आणि पोलीस तिला 'घरी पोचवतात'. मुंबईत स्त्री संगम हा गट १९९५ मध्ये सुरू झाला, पुढे तो लाबिया नावानं ओळखला गेला. मराठी रंगभूमीवर विजय तेंडुलकरांनी १९८१ मध्येच 'मित्राची गोष्ट' हे बाईवर प्रेम करणाऱ्या मुलीचं नाटक आणलं होतं. नाटक मोजक्यांनी पाहिलं, बोलणारे त्याहून कमी.

आपल्याकडे असे लोक एकूण किती?

२०११ च्या जनगणनेत लिंगाच्या 'इतर' या रकान्यात ४,८७,८०३ जणांची नोंद झाली, महाराष्ट्रात ४०,८९१. समलिंगी किंवा स्त्री-पुरुष दोघंही आवडणाऱ्या लोकांसाठी रकानाच नव्हता. २०१२ मध्ये केंद्र सरकारनं सर्वोच्च न्यायालयात २५ लाखांचा आकडा सांगितला, तोही एड्स कार्यक्रमाच्या अंदाजातून आलेला आणि फक्त पुरुषांचा. अमेरिकेत गॅलपच्या पाहणीत स्वतःला या समुदायातलं म्हणवणाऱ्या प्रौढांचं प्रमाण २०१२ मध्ये ३.५ टक्के होतं, २०२३ मध्ये ७.६ टक्के झालं. अकरा वर्षांत माणसं दुप्पट जन्मली नाहीत, सांगायची भीती कमी झाली. किती आहेत हे विचारताना म्हणूनच आधी विचारावं की सांगितल्यावर काय होतं.

समाज खरंच बदलतोय की वर्तमानपत्रांतच?

प्यू संस्थेच्या पाहण्यांत समलिंगी संबंध समाजानं स्वीकारावेत असं म्हणणारे भारतीय २०१४ मध्ये १५ टक्के होते, २०१९ मध्ये ३७. त्याच संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत समलिंगी विवाहाला कायद्याची मान्यता असावी असं ५३ टक्के म्हणाले, ४३ टक्के विरोधात होते. वेग थक्क करणारा आहे. पण पाहणीवाल्याला दिलेलं उत्तर आणि स्वतःच्या पोरीला दिलेलं उत्तर यांत आंतरजातीय विवाहाच्या बाबतीत केवढं अंतर असतं, हे मराठी वाचकाला सांगायला नको.

मला वाटतं की बदल झाला आहे तो दूरच्या माणसाबद्दल. ऑफिसातला सहकारी चालतो, मालिकेतलं पात्र चालतं. दारातल्या मांडवाशी बदल थांबतो. वर लग्नाबद्दल जे लिहिलं त्यावरून हे अपेक्षितच होतं.

रोज नवीन नाव, नवीन अक्षर. एवढ्या ओळखींची गरज आहे का?

ज्याला गरज आहे त्याला आहे. ज्यूडिथ बटलर यांनी १९९० मध्ये मांडलं की लिंगभाव हा आतून बाहेर येत नाही, पुन्हा पुन्हा केलेल्या कृतींतून तो घडतो. तसं असेल तर कुठलंच नाव कायमचं नसणार. माझा आक्षेप नावांच्या संख्येवर नाही. जून या 'अभिमान महिन्यात' बोधचिन्ह सतरंगी करणाऱ्या कंपन्यांच्या कार्यक्रमाला येणारी मुलं बहुतेक एकाच थरातली असतात, त्यावर आहे. जात, भाषा आणि इंग्रजी शाळा यांनी 'कोण बाहेर येऊ शकतं' हे आधीच ठरवलेलं असतं.

डॉक्टरकडे नेऊन हे बदलता येतं का?

नाही. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं १९७३ मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. भारतीय मानसोपचार संघटनेनंही २०१८ मध्ये हा आजार नसल्याचं जाहीर केलं. मद्रास उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये असे 'उपचार' करणाऱ्यांवर कारवाईचे आदेश दिले आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगानं ते व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. कोणी शॉक, गोळ्या किंवा 'लग्न लावून द्या, सुधारेल' असं सुचवलं तर राज्याच्या वैद्यक परिषदेकडे तक्रार करता येते.

समलिंगी लग्न कायदेशीर नाही. मग सोबत राहणाऱ्या दोघांनी व्यवहार कसे करायचे?

१७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की विवाह हा मूलभूत हक्क नाही. नागरी जोडीदारी (लग्नाशिवाय नात्याला कायद्याची मान्यता) आणि दत्तक यांवर ३ विरुद्ध २ असा नकार आला. पुनर्विचार याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या. शेजारी नेपाळमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये असा पहिला विवाह नोंदला गेला, थायलंडमध्ये जानेवारी २०२५ पासून कायदा लागू झाला. इथे काय करता येतं ते तुकड्यातुकड्यांनी आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रानं स्पष्ट केलं की जोडीदाराबरोबर संयुक्त बँक खातं उघडायला आणि त्याला नामनिर्देशित करायला आडकाठी नाही. रेशनकार्डासाठी दोघांना एकाच घरातलं मानावं अशाही सूचना गेल्या. शाखेतला कारकून अडून बसला तर ते पत्र दाखवावं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार कोणाही प्रौढ व्यक्तीला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो. ती व्यक्ती नातेवाईकच असावी असं नाही. साध्या कागदावर सहीनिशी लिहून ठेवलं तरी पुरतं.

सर्वांत दुर्लक्षित कागद मृत्युपत्राचा. हिंदू वारसा कायदा १९५६ नुसार जोडीदार वारस ठरत नाही. फ्लॅट, ठेवी, गाडी सगळं आईवडील-भावंडांकडे जातं, आणि वीस वर्षं सोबत राहिलेल्या माणसाला दाराचं कुलूप बदललेलं दिसतं. सोसायटीत किंवा बँकेत नाव नामनिर्देशित केलं म्हणजे मालकी मिळाली असं होत नाही. त्यासाठी मृत्युपत्रच हवं. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि ज्यांना मालमत्ता मिळणार त्यांना साक्षीदार करू नये. नोंदणी सक्तीची नाही, पण नातेवाईक वाद घालतील अशी शंका असेल तर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदवलेलं बरं. डॉक्टरचं 'मन:स्थिती ठीक आहे' असं प्रमाणपत्र त्याच दिवशीच्या तारखेचं जोडून ठेवावं.